इटालियन माणसाला ‘गेट’ शिकवायचा कसा?

पोकाठची:

तोरीनोत आमच्या भागातल्या वाचनालयात प्रौढांसाठी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो. तिथे मी शिकवते. येणाऱ्यांत नोकरदार जास्त, काही निवृत्त मंडळी, थोडी विद्यापीठातली मुलं. २००३ च्या शिक्षणसुधारणेनंतर इटलीत पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं झालं, त्यामुळे तरुणांचं व्याकरण पक्कं असतं. आधीच्या पिढीतले बरेच जण शाळेत फ्रेंच शिकलेले, पण तेही नेटाने येतात. वय काहीही असो, ‘गेट’ (get) हा इंग्रजी क्रियाशब्द आला की सगळे एकाच जागी अडतात.

कोशात या एका शब्दासमोर काय काय दिसतं पाहा. ओत्तेनेरे म्हणजे मिळवणे, रिचेव्हेरे म्हणजे मिळणे, प्रेन्देरे म्हणजे घेणे, कोम्प्रारे म्हणजे विकत घेणे, दिव्हेन्तारे म्हणजे होणे, आर्रिव्हारे म्हणजे पोचणे, कापीरे म्हणजे समजणे. यादी इथे संपत नाही. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. मग ‘वुई गॉट लॉस्ट, बट वुई गॉट अ टॅक्सी अँड गॉट होम बिफोर इट गॉट डार्क’ असं साधं वाक्य कानावर पडतं आणि वही कामाला येत नाही. या वाक्यात चार ‘गेट’ आहेत. इटालियनमध्ये चारही ठिकाणी वेगळं क्रियापद लागतं: वाट चुकायला पेर्देर्सी, टॅक्सीला प्रेन्देरे, घरी पोचायला आर्रिव्हारे, आणि अंधार पडण्याला फारे बूयो, म्हणजे शब्दशः ‘अंधार करणे’.

माझं मत असं की यादी देणंच चूक आहे. ‘गेट’चं मुख्य काम एक आहे: नव्हतं ते झालं, हे सांगणं. ‘बी’ आणि ‘हॅव’ स्थिती सांगतात, ‘गेट’ त्या स्थितीत शिरण्याची घटना सांगतो. गाडी आहे तर ‘हॅव’, गाडी हाती आली तर ‘गेट’. चिडलेला आहे तर ‘इज अँग्री’, चिडला तर ‘गॉट अँग्री’. घरी आहे तर ‘इज होम’, घरी पोचला तर ‘गॉट होम’. कोशातले पुष्कळसे अर्थ या तीन जोड्यांत बसतात.

आणि इटालियन माणसाला हा फरक नवा नाही. ‘स्यामो स्पोझाती’ म्हणजे आम्ही विवाहित आहोत. ‘चि स्यामो स्पोझाती’ म्हणजे आमचं लग्न झालं. एका छोट्या ‘चि’ने स्थितीची घटना होते. इंग्रजीत मात्र हीच मंडळी ‘वुई आर मॅरीड इन २०१०’ म्हणतात, कारण त्यांच्या वाक्यातला ‘स्यामो’ त्यांना ‘आर’ वाटतो. तिथे ‘गॉट’ घाला, तुमचा ‘चि’ इंग्रजीत असा येतो, असं सांगितलं की चेहरे खुलतात.

इथे कोणी इटालियन लोकांना इंग्रजी शिकवलंय का? किंवा उलट, इंग्रजीतून इटालियन शिकलंय का? मला यादीच्या बाहेरची वाट हवी आहे.

रानजाई:

फार आवडता विषय काढलास. मी शिकवत नाही, शब्दांच्या व्युत्पत्तीत रमते, त्यामुळे तेवढंच सांगते.

‘गेट’ मूळचा इंग्लंडचा नाही. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’वरून तो आला. जुन्या इंग्रजीत त्याचा सख्खा नातलग होता, पण तो प्रामुख्याने जोडशब्दांत. ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ हे त्यांतलेच. ‘टेक’सुद्धा नॉर्सच. म्हणजे इटालियन विद्यार्थी ज्या दोन क्रियापदांत गोंधळतो, ती दोन्ही एकाच पाहुण्यांनी आणलेली.

याहून मजेदार गोष्ट पुढे आहे. ‘गेट’चा मूळ भारत-युरोपीय धातू ‘घेद्’ किंवा ‘घेन्द्’ असा मांडतात, अर्थ पकडणे. जर्मानिक भाषांत ‘घ’चा ‘ग’ झाला आणि ‘द’चा ‘ट’, म्हणून ‘गेट’. लॅटिनमध्ये त्याच ‘घ’चा ‘ह’ झाला, आणि पुढे उपसर्ग लागून ‘प्रेहेन्देरे’ तयार झालं. त्याचं इटालियन रूप प्रेन्देरे! ‘गेस्ट’ आणि लॅटिन ‘होस्तिस’ यांच्यातही ‘ग’ आणि ‘ह’ची हीच जोडी आहे. तुझ्या विद्यार्थ्यांना सांग की कोशातल्या त्या सगळ्या अर्थांत खरा रक्ताचा नातलग प्रेन्देरे आहे.

वेताळटेकडी:

मग आपलं ‘घेणे’ पण त्याच घरातलं का? उच्चार किती जवळ आहे.

रानजाई:

नाही हो दादा. ‘घेणे’ संस्कृत ‘ग्रह्’वरून, प्राकृतातल्या ‘गेण्हइ’च्या वाटेने आलेलं. तो धातू वेगळा. हे साम्य योगायोगाचं.

मिलानो_अनिकेत:

पोकाठची ताई, धागा छान आहे, पण थोडा विरोध नोंदवतो.

मी मिलानोत शिकतो आणि शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. इथे त्यांना रिपेतित्सियोनी म्हणतात. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना केंब्रिजची बी-टू पातळीची परीक्षा द्यायची असते. त्यात एक प्रश्न असा: एक वाक्य देतात, खाली एक शब्द देतात, आणि तो शब्द न बदलता दोन ते पाच शब्दांत तोच अर्थ पुन्हा लिहायचा. तिथे ‘गेट ओव्हर’, ‘गेट रिड ऑफ’, ‘गेट अवे विथ’, ‘गेट राउंड टू’ असं काहीही येऊ शकतं. ‘स्थितीत शिरणं’ एवढं कळून ‘गेट राउंड टू’चा अर्थ, म्हणजे करायचं राहिलेलं काम एकदाचं हाती घेणं, कोणाला सुचेल? त्याला पाठांतरच लागतं.

उच्चाराचं मात्र कोणी बोललं नाही. इटालियन लिपीत ‘इ’ आणि ‘ए’च्या आधीचा ‘जी’ हा ‘ज’ असतो, जेलातोसारखा. ‘ग’ हवा असेल तर मधे ‘एच’ घालावा लागतो, जसा ‘घेत्तो’त आहे. लहान मुलं पहिल्यांदा सरळ ‘जेट’ वाचतात. मोठी माणसं ‘गेट’ म्हणतात, पण शेवटच्या ‘ट’ला बारीकसा स्वर जोडतात, कारण त्यांचे शब्द बहुतेक स्वरावर संपतात. इंग्रज बोलताना तो ‘ट’ पुढच्या शब्दात मिसळून टाकतो. ‘गेट आउट ऑफ इट’ हे चार शब्द इटालियन कानाला एकच शब्द वाटतात. मी आधी हे ऐकवतो, अर्थ मग.

रानजाई:

अनिकेत, तुझ्या उच्चाराच्या मुद्द्याला जोड देते. जुन्या इंग्रजीत ‘फर्गेट’मधल्या त्या ‘ग’चा उच्चार ‘य’च्या जवळचा होता. आजचा ठणठणीत ‘ग’ नॉर्सच्या प्रभावाचा. ‘गिव्ह’चंही तसंच. इंग्रजीतल्या या दोन अतिपरिचित शब्दांत ‘ए’ आणि ‘इ’आधी ‘ज’ का नाही, असं तुझ्या विद्यार्थ्यांनी विचारलं तर हे उत्तर देता येईल.

पोकाठची:

अनिकेत, ‘गेट राउंड टू’ पाठच करावं लागतं, मान्य. पण तू दिलेल्या चारांतले बाकीचे तीन पाहा. ‘गेट ओव्हर’मध्ये आजाराच्या किंवा दुःखाच्या पलीकडे पोचणं आहे, इटालियनमध्ये त्याला सुपेरारे म्हणतात, त्यातही ‘वरून पलीकडे’ आहेच. ‘गेट रिड ऑफ’मध्ये ‘रिड’ म्हणजे मुक्त, आणि त्या स्थितीत जाणं. लिबेरार्सी दि. ‘गेट अवे विथ’मध्ये दूर निसटणं. हे उलगडून दाखवलं की मुलं पाठ करतील तेही टिकेल. पाठांतराला माझा विरोध नाही, न उलगडता केलेल्या पाठांतराला आहे.

शिवाय क्रियापद आणि दिशेचा शब्द ही जोडी इटालियन लोकांना परकी नसते. ‘बुत्तारे जू’ म्हणजे शब्दशः खाली फेकणे, पण अर्थ घाईघाईने लिहून काढणे, घशाखाली ढकलणे किंवा माणसाला खचवणे. ‘फारे फ्वोरी’ म्हणजे बाहेर करणे, पण अर्थ संपवणे. माणसाला किंवा ताटभर पास्त्याला, दोघांनाही लागू. उत्तरेकडच्या बोलींत, व्हेनेतो आणि लोम्बार्दियात, अशा जोड्या भरपूर. तुझे मिलानोचे विद्यार्थी आजीच्या तोंडून त्या ऐकतच असतील. फ्रेजल व्हर्ब हे नाव ऐकून घाबरतात तेव्हा आधी त्यांच्या घरातल्या जोड्या त्यांनाच आठवायला लाव.

सातारकर_मास्तर:

शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. इटलीशी संबंध नाही, पण ‘गेट’शी आहे, म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या विद्यार्थ्यांची अडचण आणि माझ्या विद्यार्थ्यांची अडचण उलट आहे. मराठी मुलाला ‘गेट’ची घटना लगेच कळते, कारण आपल्याकडे ‘मिळणे’ आहे. पगार मिळाला, उत्तर मिळालं, एवढंच नाही. ‘बघायला मिळालं’, ‘खायला मिळालं’ही आहे. ‘आय गॉट टू सी द फोर्ट’ हे वाक्य मी एका झटक्यात शिकवू शकत असे: मला किल्ला बघायला मिळाला. इटालियनमध्ये याला काय म्हणतात? एक शब्द आहे का?

दुसरं असं की तुमच्या इटालियन मंडळींजवळ एक ऐश्वर्य आहे जे त्यांना नडत असणार. इंग्रजीतले ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘कॉम्प्रिहेन्ड’, ‘अराइव्ह’ हे भारदस्त शब्द लॅटिनमधून आलेले, म्हणजे त्यांच्या घरचेच. ते शब्द त्यांना आयते मिळतात. म्हणून लेखी इंग्रजी चांगलं होतं आणि बोलणं पुस्तकी होतं. ‘मला चहा प्राप्त झाला’ असं मराठीत कोणी म्हटलं तर चुकत काही नाही, पण समोरचा थबकतो. ‘आय ऑब्टेन्ड अ टिकेट’ ऐकून इंग्रज तसाच थबकतो. इंग्लंडमध्ये शाळेतल्या निबंधात ‘गेट’ टाळा म्हणून शिक्षक सांगत आले आहेत. इटालियन विद्यार्थ्याला नेमका उलटा उपदेश हवा: बोलताना ‘गेट’ वापरा, धीट व्हा.

पोकाठची:

मास्तर, नमस्कार. ‘बघायला मिळालं’साठी इटालियनमध्ये एक शब्द नाही. आव्हेरे मोदो दि, म्हणजे ‘करायला वाव असणे’; किंवा रिउशीरे आ, ज्यात प्रयत्नाने जमण्याची छटा येते. नशिबाने, सहज, आयतं बघायला मिळणं हे त्यांना फिरवून सांगावं लागतं. त्यामुळे हा ‘गेट टू’ ते वापरतच नाहीत. त्याऐवजी ‘आय कुड सी’ म्हणतात, आणि त्यातून ‘बघू शकत होतो’ असा अर्थ निघतो, ‘बघितलं’ असा नाही. ही अडचण मोठी आहे आणि फार कमी पुस्तकं तिच्याकडे लक्ष देतात.

पुस्तकी शब्दांचं तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं. त्यात ‘टेक’ची भर घालते, कारण प्रेन्देरे म्हणजे ‘टेक’ हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेलं असतं. इटलीत मुलगा गणितात आठ मार्क ‘घेतो’, ओ प्रेझो ओत्तो. दहापैकी असतात, सहाला पास. मग इंग्रजीत ‘आय टुक एट इन मॅथ्स’. वाहन परवाना घेतात, पदवी घेतात, सर्दी घेतात, कॉफी घेतात, शाळेतून मुलांना घ्यायला जातात. इथे बहुतेक ठिकाणी इंग्रज ‘गेट’ म्हणेल. रानजाईने सांगितलेलं नातं मी फळ्यावर मांडणारच आहे. ‘प्रेन्देरे दिसलं की आधी गेट घालून पाहा, मग टेक’ हा नियम दहातल्या सगळ्या वाक्यांना लागत नाही, पण ‘टेक’पेक्षा जास्त ठिकाणी लागतो.

विनया_बोलोन्या:

मी शिक्षिका नाही, बोलोन्यात संसार आहे. घरात इटालियन, मुलांशी मराठी, नवऱ्याशी कधी इंग्रजी. हा धागा वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते आहे.

सासूबाई रात्री जेवणानंतर म्हणतात, ‘मि व्ह्येने सोन्नो’. शब्दशः: मला झोप येते! अक्षर न् अक्षर आपलं. ‘मि’ म्हणजे मला, ‘व्ह्येने’ म्हणजे येते, ‘सोन्नो’ म्हणजे झोप. ‘मि व्ह्येने दा रीदेरे’ म्हणजे मला हसू येतं. ‘दा प्यान्जेरे’ म्हणजे रडू. मुलाला ताप आला की ‘ल्ये व्हेनूता ला फेब्ब्रे’, त्याला ताप आला. इंग्रजीत नवरा या सगळ्याला ‘आय हॅव’ लावतो: ‘आय हॅव स्लीप’. मी त्याला सांगते, झोप ‘आली’ असेल तर ‘आय ॲम गेटिंग स्लीपी’, ताप ‘आला’ तर ‘गॉट अ फीव्हर’. येणं आलं की ‘गेट’. त्याला पटतं, कारण व्हेनीरे म्हणजे येणे हे त्याच्या वाक्यातच असतं.

आणखी एक. समजल्यावर ते भूतकाळ वापरतात, ‘ओ कापीतो’. आपणही ‘कळलं’, ‘समजलं’ म्हणतो. पण इंग्रजीत ‘आय गेट इट’ वर्तमानात आणि ‘आय गॉट इट’ भूतात, दोन्ही चालतात. दोन्हींत फरक काय, हे मला कोणी नीट सांगेल का? शिवाय न कळल्यावर सासरे म्हणतात ‘नोन चि आर्रिव्हो’, मी तिथे पोचत नाही. पोचणं आणि समजणं एकाच शब्दात, अगदी ‘गेट’सारखं!

सातारकर_मास्तर:

विनयाताई, ‘आय गेट इट’ म्हणजे मुद्दा माझ्या लक्षात आहे, मला समजतंय. बऱ्याचदा त्यानंतर ‘पण’ येतं: तुझं म्हणणं समजतंय, पण. ‘गॉट इट’ म्हणजे आत्ता या क्षणी कळलं, पोचलं. सूचना मिळाली, तसं करतो. आणि ‘आय हॅव गॉट इट’ म्हटलं तर माझ्याकडे आहे, किंवा सापडलं. ‘नोन चि आर्रिव्हो’ फार सुंदर आहे, ते माहीत नव्हतं.

पोकाठची:

विनया, तू दिलेल्या व्हेनीरेने माझं पुढचं काम सोपं केलं. कर्मणि प्रयोगातही हेच क्रियापद येतं, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत समृद्ध भाग वाटतो.

‘ला पोर्ता ए क्यूझा’ म्हणजे दार बंद आहे, किंवा बंद केलं जातं. दोन्ही अर्थ निघतात. ‘ला पोर्ता व्ह्येने क्यूझा’ म्हटलं तर संशय उरत नाही: बंद केलं जातं, घटना घडते. इंग्रजीत अगदी हीच अडचण आहे. ‘द डोअर इज क्लोज्ड’ दुहेरी, ‘द डोअर गेट्स क्लोज्ड ॲट सिक्स’ एकेरी. म्हणजे एस्सेरे (असणे, वरचा ‘ए’ त्याचंच रूप) आणि व्हेनीरे यांच्यातला फरक म्हणजे ‘बी’ आणि ‘गेट’ यांच्यातला फरक. मर्यादा दोन्हीकडे आहेत. व्हेनीरे फक्त साध्या काळांत चालतं. ‘आहे’ किंवा ‘होतं’ जोडून होणाऱ्या संयुक्त काळांत चालत नाही. ‘गेट’ काळाला अडत नाही, पण त्याचा सूर बोलण्यातला आहे, आणि बहुतेक वेळा त्यात कोणाचं तरी बरंवाईट होतं: नोकरी गेली, बढती मिळाली, पाकीट मारलं गेलं. कायद्याच्या मसुद्यात व्हेनीरे शोभतं, ‘गेट’ शोभत नाही. हे दोन्ही सांगितल्याशिवाय ही तुलना शिकवू नये.

मराठीची आठवण इथे मला वेगळ्याच जागी येते. आपलं कर्मणि ‘जाणे’ने होतं: केलं जातं, मारला गेला. इटालियनमध्येही आन्दारे म्हणजे जाणे, आणि काही मोजक्या क्रियापदांबरोबर तेच येतं. ‘आन्दातो पेर्दूतो’ म्हणजे हरवून गेलं, ‘आन्दातो दिस्त्रूत्तो’ म्हणजे नष्ट होऊन गेलं. नुकसानीचीच क्रियापदं ही. येणं चांगल्या-वाईट घटनेला आणि जाणं नाशाला. ही वाटणी मला फार भावते.

दर्यावर्दी:

मडगावचा आहे. इटालियन अधिकारी असलेल्या क्रूझ जहाजांवर नोकरी केली, त्यामुळे या मंडळींचं इंग्रजी वर्षानुवर्षं ऐकलंय.

गंमत म्हणजे ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षात, त्यांचं इंग्रजी चोख असतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजावरच्या संभाषणासाठी ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. त्याचं तत्त्व असं की एका घटनेला एकच वाक्प्रयोग, समानार्थी शब्द टाळायचे, आखूड केलेली रूपं टाळायची. ‘गेट’सारख्या दहा अर्थांच्या शब्दाच्या बरोबर उलट टोक. तोच अधिकारी जेवणघरात आला, की ब्रिटिश प्रवासी ‘कॅन आय गेट यू समथिंग’, ‘व्हेन डू वुई गेट इन’, ‘आय कान्ट गेट माय डोअर टू ओपन’ असं बोलू लागतात, आणि त्याची गाडी अडते. त्याला इंग्रजी येत नाही असं नव्हे. त्याला ज्या इंग्रजीचं शिक्षण मिळालं त्यातून दुहेरी अर्थ मुद्दाम काढून टाकलेले असतात.

चढण्या-उतरण्याचं एक सांगतो. इटालियनमध्ये गाडी, बस, जहाज, सगळ्यांना सालीरे आणि शेन्देरे. इंग्रजीत मोटारीला ‘गेट इन’, ‘गेट आउट’. बस, आगगाडी, विमान, जहाजाला ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. आत उभं राहून चालता येतं का, हे विचारायचं. चालता येत असेल तर ‘ऑन’. छोट्या होडीला म्हणून ‘इन’ आणि क्रूझ जहाजाला ‘ऑन’. घोडा आणि सायकल यांना आतच नाही, तिथेही ‘ऑन’. डेकवरच्या पोरांना हे लगेच कळायचं.

मिलानो_अनिकेत:

दर्यावर्दी दादा, उभं राहून चालता येण्याचा नियम आजच वापरतो. धन्यवाद!

पोकाठची ताई, पटलं बऱ्यापैकी. माझ्याकडून एक जोड. ‘लो कोनोश्शूतो आ तोरीनो’ म्हणजे त्याची तोरीनोत ओळख झाली, आणि ‘लो कोनोशेव्हो’ म्हणजे त्याला ओळखत होतो. क्रियापद एकच, फक्त काळ बदलला. पहिला पास्सातो प्रोस्सिमो, म्हणजे घडून गेलेल्या घटनेचा भूतकाळ; दुसरा इम्पेर्फेत्तो, म्हणजे चालू असलेल्या स्थितीचा भूतकाळ. मुलं दोन्हींना ‘आय न्यू हिम’ म्हणतात. पहिल्यासाठी ‘गॉट टू नो’ किंवा ‘मेट’ हवं. म्हणजे इटालियनमध्ये काळ बदलून जे होतं, ते इंग्रजी ‘गेट’ घालून करतं. तुमच्या ‘चि’च्या उदाहरणाशेजारी हे ठेवा.

नवखी:

वाचते आहे सगळं, शिकायला मिळतंय. छोटा प्रश्न: ‘गॉटन’ बरोबर की चूक? भावाच्या अमेरिकन ऑफिसात सर्रास बोलतात, आम्हाला शाळेत कधी शिकवलं नाही.

सातारकर_मास्तर:

अमेरिकेत बरोबर, ब्रिटनमध्ये सहसा ‘गॉट’च. ‘गॉटन’ हे जुनं रूप. अमेरिकेत टिकलं, ब्रिटनमध्ये बाजूला पडलं. ‘फर्गॉटन’मध्ये मात्र दोन्हीकडे आहे. अमेरिकन माणूस त्यातून एक उपयुक्त फरक करतो: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. ताईंचा स्थिती आणि घटना हाच भेद, बाळ.

विनया_बोलोन्या:

शेवटचा एक प्रश्न विचारते, घरात रोजचा आहे. नवरा केस कापून आला की ‘आय कट माय हेअर’ म्हणतो. इटालियनमध्ये ‘मि सोनो ताल्यातो इ कापेल्ली’ म्हणतातच, न्हाव्याने कापले तरी. आपणही ‘केस कापले’ म्हणतो. इंग्रजीत तो स्वतःच्या हाताने कापल्यासारखं होतं. समजावू कसं?

पोकाठची:

त्याला त्याचंच दुसरं वाक्य आठवून दे. गाडी दुरुस्त करून घेतली की तो ‘ओ फात्तो रिपारारे ला माक्किना’ म्हणतो ना? तिथे तो ‘ओ रिपारातो’ म्हणत नाही, कारण काम मेकॅनिकने केलं. हा फारे म्हणजे आपलं ‘करून घेणे’. इंग्रजीत तो ‘गेट’ किंवा ‘हॅव’ होतो: ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’. केसांच्या बाबतीत इटालियन आणि मराठी दोघं ढिले आहेत, इंग्रजी नाही. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’.

शब्दांचा क्रम मात्र घोटून घे. इटालियनमध्ये दोन्ही क्रियापदं शेजारी बसतात आणि वस्तू मागे येते: फात्तो, रिपारारे, मग माक्किना. इंग्रजीत वस्तू मधे घुसते: गॉट, कार, रिपेअर्ड. त्याने ‘आय गॉट कट माय हेअर’ म्हटलं तर कारण हेच. वस्तूऐवजी माणूस असेल तर पुढे ‘टू’ लागतो: ‘आय गॉट हिम टू कट माय हेअर’. ‘मेक’ला मात्र ‘टू’ लागत नाही, आणि त्यात जबरदस्ती असते. ‘गेट’मध्ये मनवणं असतं. इटालियन फारे हे दोन्ही अर्थ वागवतं, त्यामुळे ‘मुलाला भाजी खायला लावली’ हे तो कोणत्या अर्थाने म्हणतोय ते आधी विचार, मग क्रियापद निवडायला सांग.